गावची दोन तिकिटं

आईनं उकडलेल्या बटाट्यांची परडी बाजूला सारली, हात पुसले आणि रेल्वेचं नवं वेळापत्रक टेबलावर उघडलं. आमच्या घरी वेळापत्रकाला नेहमी पुसलेला हात लागे.

"हे बघ रेगी. पहिली रात्र लुत्सर्नला. मग घाट चढून इंटरलाकन, दुसरी रात्र तिथं. म्हणजे एक शहर, एक डोंगर."

"इंटरलाकन म्हणजे डोंगर नव्हे, आई. तिथं नुसती घड्याळांची दुकानं आहेत."

"खिडकीतून युंगफ्राउ दिसतो."

"ढग नसले तर."

"ढग नसतील. मी त्यांना जूनचं सांगून ठेवलंय."

नोव्हेंबरचा शेवटचा दिवस होता, बुधवार. दर बुधवारी मी दुपारनंतर बर्नहून येई, आईबरोबर लवकर जेवे आणि ओल्टनहून परतीची गाडी पकडे. त्या दिवशी वेगळं काही घडलं नाही. नंतर मी तो दिवस पुष्कळदा उलटापालटा करून पाहिला. तिचा श्वास लागत नव्हता, हात थरथरत नव्हता. चीज थोडं खारट होतं, एवढंच.

सहा दिवसांच्या त्या सहलीचा हा तिसरा आराखडा. पहिला मे महिन्यातला. तेव्हा मी खरोखर तापानं पडले होते. दुसरा सप्टेंबरातला. आमच्याकडे गाड्यांच्या वेळा दर डिसेंबरात बदलतात, म्हणून आईनं तिसरा आराखडा पहिल्यापासून मांडला होता. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर, पेन्सिलीनं. एका पानावर एक दिवस. डावीकडे सुटण्याची वेळ, उजवीकडे पोचण्याची, आणि मध्ये एक छोटा बाण: कुठल्या बाजूच्या खिडकीशी बसायचं त्याचा. सव्वीस वर्षं ती इस्पितळाच्या इस्त्रीखान्यात उभी होती. तिथं खिडकी नव्हती.

"लोझानला दोन रात्री कर ना," मी म्हणाले. "आणि आंडरमाट काढून टाक."

"आंडरमाट काढलं तर मग राहिलं काय?"

"लोकार्नो. त्सुरिक. पुस्तकांची दुकानं, जुनं ग्रंथालय…"

"शहरं काय, कुठं पळून जात नाहीत. म्हातारपणी काठी टेकत जा. डोंगराचं तसं नाही, तो एकदा ढगात गेला की गेला." तिनं पान उलटलं. "तरी तुला म्हणून लोझान ठेवलंय. तुझं ते चित्रांचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, मी फोन करून विचारलं. म्हणून सोमवारी डोंगर आणि मंगळवारी चित्रं, असं फिरवून घेतलं. त्यासाठी सगळी सहल उलट्या दिशेनं लावली. दोन रात्री बसले होते."

"आणि हे गोशेनेनला गाडी बदलायला चारच मिनिटं? तुझा गुडघा चार मिनिटांत फलाट बदलेल?"

"गुडघ्यालाही सांगून ठेवलंय."

मी हसले. मला हसू येत होतं आणि जायचं नव्हतं, दोन्ही एकदमच. हे तिला कधी कळलं नाही, किंवा कळू दिलं नाही. गाडीत बसल्या बसल्या आई डबा उघडते. उकडलेली अंडी निघतात, मिठाची पुडी निघते, मग समोरच्या अनोळखी माणसाला एक अंडं दिलं जातं. तो घेवो न घेवो, त्याला सांगितलं जातं की ही माझी मुलगी, बर्नला असते, कायद्याची पुस्तकं छापायच्या आधी वाचते, घरीही वाचते, जेवतानाही वाचते, म्हणून तिचं कुणाशी जमलं नाही. प्रत्येक बोगद्याला, कितवा ते मोजत, ती आकडा म्हणते. आणि डोंगर आला की डोंगराकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघते, मला आवडला की नाही ते ताडायला. असे सहा दिवस. मी बेचाळीस वर्षांची होते, आणि कुणी माझ्या तोंडाकडे बघावं असं मला वाटत नव्हतं.

"साहेबांना मात्र आत्ताच सांगून ठेव," आई म्हणाली. "मागच्यासारखं नको."

मागच्या वेळी असं झालं होतं, की गेर्बर साहेबांनी माझ्या रजेच्या कागदावर लगेच सही केली होती. "कुठं निघालात?" म्हणाले. मी म्हणाले, आईबरोबर, रेल्वेनं. "छान. फार छान," म्हणाले. आणि निघायच्या दोन दिवस आधी मी आईला फोन करून सांगितलं की साहेबांनी रजा नाकारली, काम फार आहे. ते सहा दिवस मी बर्नच्या माझ्या खोलीत काढले. पाव आणायला तेवढी खाली उतरत होते. चार पुस्तकं वाचली. कामावर परतल्यावर साहेबांनी विचारलं, "कशी झाली सहल?" मी म्हणाले, "छान. ढग नव्हते."

आई त्या वेळी चिडली नाही. "बिचाऱ्याच्या मागेही व्याप असतील," म्हणाली. पुढच्या बुधवारी तिनं साहेबांसाठी चेरीच्या मुरांब्याची बरणी दिली. "गोड पोटात गेलं की माणूस मऊ होतो." ती बरणी मी पंधरा दिवसांत एकटीनं संपवली.

"सांगशील ना?"

"सांगते."

"आज सांगितलंस तर बरं. कारण उद्या पहिली तारीख."

पहिली तारीख म्हणजे काय ते आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गावच्या कचेरीत रोजची दोन तिकिटं असतात. त्या तारखेचं तिकीट ज्याच्या हातात, त्यानं दिवसभर देशातल्या कुठल्याही गाडीत बसावं. मोठ्या गावांना दहा-बारा मिळतात; आमच्या वाट्याला दोनच. एक डिसेंबरला सकाळी आठला जूनची यादी उघडते. आईला सहा दिवस हवे होते, दोघींसाठी. म्हणजे सहाही दिवस अख्ख्या गावानं घरी बसायचं. मे महिन्यात तिनं असंच केलं, सप्टेंबरात पुन्हा. त्यावरून गावात बरीच कुजबुज झाली होती.

"फोन करून सांग ना त्यांना," मी म्हणाले.

"फोन आठला उचलतात. तोवर किसलिंग दारात येऊन उभा. मधमाश्या पाळून पाळून त्याला पहाटे उठायची खोड लागलीय. मी साडेसहालाच जाऊन बाकावर बसते."

"थंडी बघ किती आहे."

"थर्मास नेते."

त्या वेळी मी सांगू शकले असते. 'जाऊ नकोस, आई,' एवढंच. कारण न देता म्हटलं असतं तरी तिनं ऐकलं असतं. पण मी मनात हिशेब केला होता, की एप्रिलपर्यंत वेळ आहे. एप्रिलमध्ये काहीतरी सुचेल. मी घड्याळ बघितलं, कोट चढवला, "लवकर झोप" म्हणाले आणि बससाठी पळाले.

सकाळी सातला किसलिंग कचेरीशी पोचला तेव्हा आई बाकावर बसलेली होती. तो तिला म्हणाला, "आलीच का तू माझ्या आधी, रोसमारी?" आणि शेजारी बसला. थोडा वेळ त्याला वाटलं, ही रागावलीय. मग त्यानं पुन्हा हाक मारली.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. ते स्वयंपाकघरातही थांबलं असतं. मी त्यांचं वाक्य मान्य केलं. मान्य करायला सोपं होतं.

पुढच्या गुरुवारी दफनविधी झाला. पाद्रीबुवा थोडक्यात बोलले, अस्थींचं मडकं छोटं होतं, जमीन कडक होती. मग सगळे रिवाजाप्रमाणे जेवायला खानावळीत गेलो. लांब टेबल, पांढरी चादर, सूप, थंड मांसाचे काप, बटाट्याचं सॅलड, पांढरी वाइन. पहिल्या पेल्यापर्यंत लोक हळू बोलतात, दुसऱ्याला आवाज मोकळा होतो. माझ्या उजवीकडे आईची धाकटी बहीण बसली होती, फ्रेनी मावशी. मावशी सोलोथुर्नच्या बाजारात भाजीचा गाळा चालवते आणि सगळं जग आपल्याला वजनात फसवायला बसलंय असं धरून चालते.

समोर शेजारच्या नुन्लिस्टबाई होत्या. नवरा गेलेला, दोन्ही मुलं परदेशी. त्या एकदम पुढं वाकून म्हणाल्या, "रेगुला, तुला सांगायचंच राहिलं. मी मोंत्रो पाहिलं."

"कधी?"

"अगं, सप्टेंबरात! तुमच्या तिकिटावर. तुझी आई सकाळी सकाळी दारात उभी. म्हणाली, मुलीला रजा नाही, हे उद्याचं घे, वाया जाईल. मी म्हटलं, मी एकटी कुठं जाऊ? तर आत आली, कागद काढला आणि सगळं लिहूनच दिलं. त्स्वायझिमनला उतर, समोरच्याच फलाटावर दुसरी गाडी, डावीकडे बस. बसले डावीकडे. मग तो बोगदा आला, आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर, बाई गं… खाली सगळं सरोवरच." त्यांनी सुरीनं चादरीवर वळण काढून दाखवलं. "मी रडलेच. तिकीट बघायला आला तो विचारतो, काही होतंय का?"

मला एवढंच माहीत होतं की तिकिटं वाया गेली नाहीत. ती तिनं कुणाला दिली, हे मी विचारलं नव्हतं.

"आम्हा दोघांना लुत्सर्नचा दिवस आला," टेबलाच्या टोकावरून पोस्टातली बाई म्हणाली. "बोटीतही चालतं ते तिकीट, हे आम्हाला कुठं ठाऊक? तिनंच सांगितलं."

"मला आंडरमाट," किसलिंग म्हणाला. मोठा माणूस, काळ्या कोटात मावत नव्हता. "मी तिला मे महिन्यात खूप बोललो होतो. गावची तिकिटं काय तुझ्या माहेरून आलीत का, असं. आणि हिनं सप्टेंबरात मलाच दिलं. म्हणाली, गोशेनेनला चार मिनिटं आहेत, धाव. मी धावलो. वर ओबरआल्पला गाडी थांबते तिथं नुसतं गवत आणि वारा. मी विचार केला, म्हातारे, तुला हे बघायचं होतं आणि बघतोय मी."

अशी ती सहल माझ्यासमोर टेबलावर मांडली गेली. शहर, डोंगर, शहर, डोंगर. प्रत्येकानं आपापला दिवस सांगितला, आणि सांगून झाल्यावर प्रत्येकजण माझ्याकडे वळून म्हणे, "तुला मिळायला हवी होती गं रजा." मी मान हलवत होते. सूप निवत होतं.

"रजा!" फ्रेनी मावशीनं चमचा खाली ठेवला. "त्या छापखानेवाल्याला मी एकदा भेटणार आहे. सहा दिवस! सहा दिवस याच्या कायद्याच्या पुस्तकात एक स्वल्पविराम कमी पडला असता तर कुणी फासावर गेलं असतं का?"

"मावशी, जाऊ दे."

"का जाऊ दे? माझी बहीण थंडीत बाकावर का बसली? सप्टेंबरातच जाऊन आली असती तर डिसेंबरात कशाला बसली असती?"

हे खरं होतं. एका नावापुरतं चुकलेलं, बाकी शब्द न शब्द खरं.

त्याच वेळी दार उघडलं आणि गेर्बर साहेब आत आले. उंच, जरासे वाकलेले, हातात टोपी. चर्चमध्ये शेवटच्या रांगेत मी त्यांना पाहिलं होतं. मला वाटलं होतं परत गेले असतील. ते सरळ माझ्याकडे आले आणि माझा हात हातात घेतला.

"गाडीला वेळ होता. म्हटलं, दोन मिनिटं…" मग मावशीकडे वळून म्हणाले, "आपण बहीण का? गेर्बर. रेगुलाबाई आमच्याकडे काम करतात. फार वाईट झालं. एकच समाधान मी मानतो, की सप्टेंबरात दोघींची ती…"

"सप्टेंबर!" मावशी म्हणाली. खुर्ची मागं सरकली. "सप्टेंबरचं नाव तुम्ही काढता? तुमच्यात हिंमत आहे हं, साहेब."

"मावशी!"

"तू गप्प बस, तुझी नोकरी आहे, तुला बोलता येत नाही. मला येतं. मी कोबी विकते, मला कुणाच्या सहीची गरज नाही. सहा दिवस मागितले होते पोरीनं. आईसाठी! तुम्ही नाही म्हणालात. आणि वर माझ्या बहिणीनं तुम्हाला चेरीचा मुरांबा पाठवला, तोही खाल्लात!"

कुणाचा तरी काटा बशीवर वाजला.

गेर्बर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. वीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे. छापलेल्या पानात चूक सापडली की ते असंच बघतात, ओळीवर बोट ठेवून, कुणाची आहे ते न विचारता. त्यांना सगळं उमगलं होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. मी माझ्या बशीतल्या बटाट्याकडे बघत होते.

"हो," ते म्हणाले. "सप्टेंबरात काम फार होतं. चूक माझी झाली."

"आणि मुरांबा?"

"फार चांगला होता."

"ऐका!" मावशी सगळ्यांकडे बघून म्हणाली. "चांगला होता म्हणे!"

"बसा ना, साहेब, सूप तरी घ्या," नुन्लिस्टबाई पुटपुटल्या. पण खुर्ची कुणी सरकवली नाही. किसलिंगनं आपले मोठे हात टेबलावर पसरले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला ती बाकावर सापडली होती. त्या सकाळपासून त्याला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं, ते आता सापडलं होतं.

"नाही, माझी गाडी आहे," साहेब म्हणाले.

आमच्याकडे टेबल सोडताना कुणी तसंच उठून जात नाही. प्रत्येकाचा हात हातात घेऊन, नाव माहीत असेल तर नाव घेऊन, मगच निघतात. गेर्बर साहेब जुन्या वळणाचे. त्यांनी टोपी काखेत धरली आणि मावशीपासून सुरुवात केली. हात पुढं केला.

मावशीनं दोन्ही हात मांडीवरच्या रुमालाखाली ठेवले.

साहेबांनी हात मागं घेतला. मग पुढं झाले. पोस्टातल्या बाईनं नवऱ्याकडे बघितलं आणि वाइनचा पेला उचलला, हात मोकळा राहू नये म्हणून. तिच्या नवऱ्यानं मान खाली घातली. साहेबांना निघून जाता आलं असतं. दार तीन पावलांवर होतं. पण ते लांब टेबलाला वळसा घालत राहिले, एकेका खुर्चीशी थांबत, हात पुढं करत, "गेर्बर… वाईट झालं… गेर्बर," आणि एकेक हात टेबलाखाली जात होता. पाद्रीबुवांनी तेवढा हात दिला, तोही अर्धा. किसलिंगशी ते पोचले. किसलिंगनं त्यांचा हात बघितला, मग चेहरा बघितला आणि म्हणाला, "ती माझ्या खांद्यावर कलली होती, साहेब. थर्मासमधला चहा अजून गरम होता."

गेर्बर साहेबांचा हात तसाच राहिला. "मला फार वाईट वाटतं," ते म्हणाले.

त्यांना फक्त गप्प राहायचं होतं आणि आठच्या आत बर्नला पोचायचं होतं. उद्या सकाळी ते मला काही विचारणार नव्हते. कधीच विचारणार नव्हते. मला पुढचं दिसत होतं: मावशी मला जूनमध्ये आईच्या सहलीवर सोबत नेणार होती, गाव दोन्ही तिकिटं आमच्यासाठी राखून ठेवणार होतं, आणि मी सहा दिवस खिडकीशी बसून, बिचारी पोर म्हणून, डोंगर बघणार होते. सगळं जुळून आलं होतं. गाडी बदलायलाही भरपूर वेळ होता.

मी उभी राहिले. खुर्ची पडली, ती कुणी उचलली नाही.

"किसलिंगकाका, त्यांचा हात घ्या," मी म्हणाले. "रजा साहेबांनी दिली होती. मागितली त्याच दिवशी. मुरांबा मी खाल्ला. सप्टेंबरचे सहाही दिवस मी बर्नला माझ्या खोलीत होते, मला काही झालं नव्हतं. जूनमध्येही मी काहीतरी कारण काढणारच होते."

"रेगी, तू दमलीयस," मावशी म्हणाली. "खाली बस. काय बोलतेस तुला कळत नाही."

"कळतंय, मावशी. मला आईबरोबर जायचं नव्हतं. मेमध्ये नाही, सप्टेंबरात नाही, कधीच नाही. तिची मला लाज वाटायची."